टॉनिकच्या बाटलीआधी शेण आणि रक्त तपासा

धान कापून झालं, मळणी उरकली, की पौष-माघात भंडारा-गोंदियाकडच्या गोठ्यांतून एकच तक्रार ऐकू येते. जनावर खातंय, पण अंगाला लागत नाही. दूध उतरलंय. केस राठ झालेत, शेण कधी पातळ तर कधी बरं, गाय माजावर यायचं नाव घेत नाही. मालक आधी ढेप वाढवतो. तेवढ्यानं भागलं नाही की मेडिकलमधून लिव्हर टॉनिकची बाटली आणतो. कोकणात खाचरांच्या काठच्या गावांत, मावळात, इगतपुरीकडे, जिथे जिथे भात आणि साचलेलं पाणी आहे तिथे कमीजास्त फरकानं हेच चालतं. बाटलीत विष नसतं, हे खरं. पण यकृतात किडे घर करून बसले असतील तर ती बाटली त्यांचं काहीच बिघडवत नाही.

म्हणून विनंती आहे. बाटली विकत घेण्याआधी शेण तपासून घ्या, आणि गरज असेल तर रक्त. शेणातून कळतं की किडे आहेत का. रक्तातून कळतं की यकृताचं किती नुकसान झालंय. हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि एकाचं उत्तर दुसऱ्याला चालत नाही.

किडा कोणता, ते आधी पाहू. पुस्तकात त्याला पर्णकृमी म्हणतात, डॉक्टर लिव्हर फ्लूक म्हणतात. पानासारखा चपटा असतो. आपल्याकडच्या मैदानी भागात आढळतो तो फॅसिओला जायगँटिका; तो सात सेंटिमीटरपर्यंत वाढतो, म्हणजे नुसत्या डोळ्यांना सहज दिसेल एवढा. हिमालयाच्या थंड पट्ट्यात त्याचा लहान भाऊ फॅसिओला हिपॅटिका असतो. या किड्याचं आयुष्य कसं चालतं, ते १८८० नंतरच्या दोन-तीन वर्षांत इंग्लंडमध्ये थॉमस आणि जर्मनीत लॉयकार्ट या दोघांनी एकमेकांपासून स्वतंत्रपणे शोधून काढलं. तेव्हापासून एक गोष्ट पक्की आहे: गोगलगायीवाचून हा किडा पुढे सरकत नाही.

जनावराच्या शेणातून अंडी पडतात. ती पाण्यात पोचली तर दोन-तीन आठवड्यांत फुटतात, आणि त्यातून निघालेल्या डिंभाला साधारण एका दिवसात पाण्यातली ठरावीक जातीची गोगलगाय गाठावी लागते. गोगलगायीच्या अंगात त्याची एकाची शेकडो पिल्लं होतात. महिना-दोन महिन्यांनी ती बाहेर पडतात, गवताला, धानाच्या बुडख्याला चिकटतात आणि स्वतःभोवती कवच करून बसतात. पाऊस ओसरल्यावर मामा तलावाचं (जुन्या मालगुजारी तलावाचं), बोडीचं म्हणजे छोट्या तळ्याचं पाणी मागे हटतं आणि काठाला हिरवं लुसलुशीत गवत उगवतं. बाकी रान वाळलेलं असतं, त्यामुळे जनावरं नेमकी तिथेच तोंड घालतात. कवच पोटात जातं, आतड्यात फुटतं, पिल्लू आतड्याची भिंत भेदून यकृताच्या दिशेनं निघतं.

इथपर्यंत जनावराला काही झालेलं दिसत नाही. पुढेही बराच काळ दिसत नाही, आणि आपली फसगत होते ती याच काळात. पिल्लं यकृताचं मांस कुरतडत दोन-अडीच महिने आतल्या आत फिरतात. मागे रक्ताळलेल्या वाटा राहतात, त्या भरून येतात पण व्रण ठेवून. मग किडे पित्तनळीत शिरतात, तिथे मोठे होतात, रक्त पितात, अंडी घालतात. पहिलं अंडं शेणात यायला लागण झाल्यापासून तीन-चार महिने लागतात. गायीच्या पित्तनळ्या या माऱ्यानं जाड होतात, त्यांत चुना साठतो. असं यकृत कापताना सुरी करकरते. शवविच्छेदनात किंवा कत्तलखान्यात ज्यांनी ते पाहिलंय त्यांना वेगळं सांगायला नको.

यकृत हा सोशिक अवयव आहे. त्याचा बराच मोठा भाग निकामी होईपर्यंत उरलेला भाग काम ओढत राहतो. जनावर बाहेरून धडधाकट वाटतं, थोडं सुस्त, थोडं कमी दुधाचं. जबड्याखाली मऊ सूज उतरली, बोटानं दाबल्यावर खळगा राहायला लागला, की मालक धावत येतो. तोवर महिने उलटलेले असतात.

या सगळ्याचा दुधाशी एवढा जवळचा संबंध का? गायीच्या पोटात चाऱ्याची साखर थेट रक्तात जात नाही. रुमेनमधले, म्हणजे पोटाच्या पहिल्या कप्प्यातले, जंतू चारा आंबवून त्याची आम्लं करतात, आणि त्यातल्या एका आम्लापासून यकृत साखर बनवतं. दुधातली साखर शेवटी तिथूनच येते. हा कच्चा माल यकृतापर्यंत आणतं ते रक्त, आणि तेही थोडंथोडकं नाही. यकृताला रक्त दोन वाटांनी मिळतं: आतड्याकडून येणारी पोर्टल शीर, जिच्यातून एकूण रक्ताच्या तीन चतुर्थांशाहून जास्त येतं, आणि हृदयाकडून येणारी धमनी. भरपूर दूध देणाऱ्या मोठ्या होल्स्टिन गायीच्या यकृतातून तासाला हजार लिटरहून जास्त रक्त वाहतं. आपली गावठी गाय लहान असते, तिचा आकडाही लहान. पण हिशोब तोच. व्रणांनी आणि जाड नळ्यांनी यकृत आतून आवळलं गेलं की पोर्टल शिरेतल्या रक्ताला अडथळा होतो, दाब वाढतो, आणि फार झालं तर पोटात पाणी साठतं. ढेप कितीही घाला, ती साखर करणारा कारखानाच अडलेला असतो.

आता तपासण्यांकडे येऊ. पहिली शेणाची, सगळ्यात स्वस्त, आणि सगळ्यात जास्त वेळा चुकीच्या पद्धतीनं होणारी.

शेण ताजं हवं. हातमोजा घालून गुदद्वारातून काढलेलं उत्तम, नाहीतर आत्ताच पडलेल्या शेणाच्या वरच्या थरातलं मूठभर, माती न लागलेलं. झाकणाच्या डबीत भरा, वर जनावराचा बिल्ला क्रमांक लिहा, त्याच दिवशी दवाखान्यात पोचवा. उशीर होणार असेल तर थंड जागी ठेवा. दवाखान्यात एक गोष्ट आवर्जून सांगा: 'सेडिमेंटेशन करा.' पोटातल्या गोलकृमींची अंडी मिठाच्या दाट पाण्यात वर तरंगतात, म्हणून बऱ्याच ठिकाणी तीच पद्धत हाताला बसलेली असते. पर्णकृमीचं अंडं जड असतं, ते त्या पद्धतीत वर येत नाही. शेण पाण्यात कालवून, गाळून, तळाशी बसू दिलं आणि तळाचा गाळ काचेखाली पाहिला तरच ते सापडतं. सोनेरी-पिवळं अंडं पर्णकृमीचं. तसंच पण रंगहीन दिसलं तर ते बहुधा रुमेनमधल्या फ्लूकचं. त्याचं औषध आणि त्याची काळजी वेगळी.

अंडी सापडली नाहीत म्हणजे किडे नाहीत, असं समजू नका. पिल्लं यकृतात फिरत असतात तेव्हा शेण स्वच्छच असतं. किडे मोठे झाल्यावरही अंडी पित्ताशयात साठतात आणि मधूनमधून सुटतात. म्हणून एकाच गायीच्या एकाच डबीवर विसंबू नका. त्याच तलावावर चरणारी पाच-सहा जनावरं निवडा, त्यात दोन अशक्त आणि बाकीची बरी दिसणारी घ्या, सगळ्यांचं शेण एकदम न्या. कळपात किडा आहे की नाही, हा प्रश्न एका गायीला विचारायचा नसतोच.

दुसरी तपासणी रक्ताची. डॉक्टर मानेच्या शिरेतून दोन नळ्यांत रक्त घेतात. ईडीटीएच्या नळीतल्या रक्तावरून हिमोग्लोबिन आणि तांबड्या पेशी कळतात, साध्या नळीतून रक्तजल काढून यकृताचे आकडे काढतात. नळी जोरात हलवायची नाही, गोठवायची नाही. पेशी फुटल्या की काही आकडे उगाच वाढतात.

यकृताचे आकडे म्हणजे काय, हे थोडक्यात समजून घ्या, म्हणजे रिपोर्ट हातात आल्यावर घाबरायला होणार नाही. पित्तनळ्यांना इजा झाली की जीजीटी नावाचं एन्झाइम रक्तात वाढतं. किडे नळीत बसल्याची ही चांगली खूण आहे. पिल्लं अजून मांसात फिरत असतील तर जीएलडीएच वाढतं. ते प्रत्येक प्रयोगशाळेत होत नाही, पण होत असेल तर मागा. एएसटी वाढलेलं दिसलं तरी त्यावरून लगेच यकृताला दोष देऊ नका, कारण ते स्नायूंतही असतं. गाय घसरून पडली, बरेच तास आडवी राहिली, तरी ते चढतं. अल्ब्युमिन हे यकृतानं बनवलेलं प्रथिन. जुन्या दुखण्यात ते उतरतं, कारण यकृत कमी बनवतं आणि किडे रक्ताबरोबर ते ओढून नेतात. रक्तातलं पाणी धरून ठेवण्याचं काम अल्ब्युमिनचं. ते कमी झालं की पाणी शिरांबाहेर झिरपतं आणि जबड्याखाली उतरतं. ती सूज इथून येते. मात्र अशीच सूज रक्त पिणाऱ्या पोटातल्या गोलकृमींनीही येते, म्हणून सूज पाहून पर्णकृमीचा शिक्का मारायचा नाही. खालची पापणी ओढून रंग पाहा, आणि पांढरट दिसली तर गोचीड तापाचीही शंका डॉक्टरांना बोलून दाखवा.

इथे एक व्यवहारातली अडचण सांगायलाच हवी. तालुक्याला जनावरांची प्रयोगशाळा नसली की लोक माणसांच्या पॅथॉलॉजीत नमुना देतात आणि 'एलएफटी करा', म्हणजे यकृताची तपासणी करा, म्हणतात. त्यात एसजीपीटी नावाचं एन्झाइम येतं. माणसाच्या यकृतासाठी ते उपयोगाचं. गायीच्या यकृतात ते इतकं कमी असतं की त्याचा आकडा पाहून काही ठरवता येत नाही. शिवाय रिपोर्टवर शेजारी छापलेली मर्यादा माणसाची असते. माणसाचं एसजीओटी, म्हणजे वर आलेलं एएसटीच, साधारण चाळीसच्या आत असावं असं मानतात. धडधाकट गायीचं शंभराच्या आसपास असू शकतं. तो आकडा ठळक अक्षरात, बाण काढून येतो आणि मालकाची झोप उडते. नमुना तिथेच द्यावा लागला तर जीजीटी, अल्ब्युमिन आणि एकूण प्रथिनं एवढंच करायला सांगा, आणि रिपोर्ट वाचायला जनावरांच्या डॉक्टरांकडेच न्या. आणखी एक: नुकत्याच जन्मलेल्या, चीक प्यालेल्या वासराचं जीजीटी खूप जास्त येतं. तो आजार नव्हे, चिकातूनच आलेलं असतं. उलट त्यावरून वासराला चीक पुरेसा मिळाला, एवढं समजतं.

या दोन तपासण्यांच्या पुढे एक तिसरी आहे, आणि तिच्याबद्दल कोणी तुम्हाला मोठ्या आवाजात सांगितलं तर काय समजायचं, तेही बोलू. वरचे आकडे यकृताला इजा झाली का ते सांगतात. यकृत काम किती करतंय ते सांगत नाहीत. ते मोजायला शिरेतून ब्रोमोसल्फथॅलीन नावाचा रंग टोचतात आणि काही मिनिटांच्या अंतरानं रक्त घेऊन तो किती उरला ते पाहतात. १९२० च्या दशकात माणसांसाठी ही तपासणी निघाली, पुढे गायींतही वापरली गेली. निरोगी गायीच्या रक्तातला हा रंग साधारण पाच मिनिटांच्या आत निम्मा होतो. यकृत थकलेलं असेल तर जास्त वेळ लागतो. पण रंग हळू निघाला म्हणजे यकृताच्या पेशी मेल्या असंच नाही. भाताच्या गिरणीतून तांदूळ कमी पडत असेल तर गिरणी मंदावलीय की वरून धानच कमी येतंय, हे दोन्ही पाहावं लागतं. तसं इथे रक्तच कमी पोचत असेल तरी रंग रेंगाळतो.

म्हणून संशोधक रक्ताचा ओघ वेगळा मोजतात. तत्त्व १८७० सालचं, जर्मन शास्त्रज्ञ अडॉल्फ फिकचं: यकृतानं मिनिटाला किती रंग उचलला ते माहीत असेल, आणि आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या रक्तातल्या रंगाचा फरक माहीत असेल, तर रक्त किती वाहिलं ते गणितानं निघतं. १९४५ साली अमेरिकेत ब्रॅडली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी माणसांच्या यकृतातला रक्तप्रवाह याच रीतीनं मोजला. त्यासाठी यकृतातून बाहेर पडणाऱ्या शिरेपर्यंत बारीक नळी सरकवावी लागते. गायीत हे संशोधन केंद्रात किंवा पशुवैद्यकीय महाविद्यालयातच शोभतं. आता सोनोग्राफीनं उजव्या बरगड्यांमधून यकृत, पित्ताशय आणि पोर्टल शीर पाहता येते, डॉपलर असेल तर रक्ताचा वेगही. गायीला नळी घालावी लागत नाही, हा तिचा मोठा फायदा. नागपूर, परळ, शिरवळ अशा महाविद्यालयांच्या जवळ राहत असाल आणि जातिवंत, महागाची गाय असेल तर जरूर विचारा. बाकीच्यांनी त्यावर पैसे घालू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे. शेणात अंडी, जीजीटी चढलेलं, अल्ब्युमिन उतरलेलं, एवढं कळल्यावर रक्ताचा ओघ मोजून औषध बदलणार नाही. ज्या तपासणीनं पुढचं पाऊल बदलत नाही, ती गोठ्यासाठी नाही.

औषधाचं पाहू. इथे सगळ्यात मोठा गोंधळ होतो. 'जंताचं इंजेक्शन दिलंय ना' असं म्हणून लोक निर्धास्त राहतात. ते इंजेक्शन बहुतेक वेळा आयव्हरमेक्टिन असतं. गोलकृमींवर, काही बाह्य परजीवींवर ते चालतं. पर्णकृमीवर अजिबात चालत नाही. ऑक्सिक्लोझानाइड आणि अल्बेंडाझोल नळीतल्या मोठ्या किड्यांना मारतात, यकृतात फिरणाऱ्या पिल्लांवर त्यांचा परिणाम होत नाही. पिल्लांपर्यंत पोचतं ते ट्रायक्लाबेंडाझोल. म्हणजे कार्तिकात दिलेलं ऑक्सिक्लोझानाइड किंवा अल्बेंडाझोल मोठे किडे काढेल आणि पिल्लं मागे ठेवेल, अशी पाळी येऊ शकते. कोणतं औषध केव्हा, हे तुमच्या भागातलं पाणी कधी आटतं त्यावरून डॉक्टरांनी ठरवायचं. गाय नुकतीच गाभण राहिली असेल तर तसं सांगा, कारण सुरुवातीच्या गाभणपणात अल्बेंडाझोल टाळतात. दुभत्या गायीला कोणतं औषध चालेल आणि त्यानंतर दूध किती दिवस विकायचं नाही, हेही विचारा आणि पाळा.

मात्रा वजनावर असते, अंदाजावर नाही. काटा नसेल तर टेपनं भागतं. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर इंचात मोजा. खांद्याच्या टोकापासून मागच्या बैठकीच्या हाडापर्यंत लांबी मोजा. घेर गुणिले घेर गुणिले लांबी, भागिले ६६०. उत्तर किलोत येतं. घेर ६० इंच, लांबी ५० इंच असेल तर वजन साधारण २७३ किलो. डोळ्यांनी पाहून दोनशे धरलं असतं तर औषध चतुर्थांशाहून जास्त कमी पडलं असतं. कमी मात्रेनं किडे मरत नाहीत, उलट औषधाला सरावतात.

औषध दिलं आणि जनावर पुन्हा त्याच काठावर सोडलं तर सगळा खटाटोप वाया. पिण्याचं पाणी हातपंपाचं किंवा विहिरीचं, हौदात भरून द्या. तलावाच्या काठाला जमेल तिथे काटेरी कुंपण घाला. म्हशीला डुंबायला एकच जागा ठेवा. धान कापल्यावर ओलं तणीस लगेच टाकू नका, चांगलं उन्हात वाळू द्या. कवचं बुडख्याला, पाण्यालगतच्या भागात जास्त असतात, म्हणून बुडखा कापून टाकून वरचा भाग दिलेला बरा. ताजं शेण बांधीत किंवा तलावालगत टाकू नका. खड्ड्यात रचून नीट तापलेल्या खतात अंडी टिकत नाहीत. इंडोनेशियाच्या भातपट्ट्यात संशोधकांना असं दिसलं की बदकाच्या विष्ठेतून येणारा दुसऱ्याच एका कृमीचा डिंभ गोगलगायीच्या पोटात पर्णकृमीला वाढू देत नाही. आपल्याकडे ज्यांच्या बोडीवर बदकं आहेत त्यांनी ती ठेवावीत. गोगलगायी खातात, तेवढा फायदा तरी नक्की. आणि घरात एक लक्षात ठेवा: हा किडा माणसालाही होतो, पण गायीला हात लावून नाही. पाण्यातल्या वनस्पती कच्च्या खाल्ल्यानं होतो. तलावातले शिंगाडे दातांनी सोलून खायची पोरांची सवय मोडा, उकडून द्या.

हे एकट्यानं करण्यापेक्षा गल्लीतल्या चार-पाच गोठ्यांनी मिळून केलं तर सोपं जातं. सगळ्यांची जनावरं एकाच तलावावर जातात, मग नमुने एकदमच न्यावेत. पशुवैद्यकीय दवाखाना लांब असेल तर १९६२ या टोल फ्री क्रमांकावर फिरत्या पथकाची चौकशी करा.

औषधानंतर आठच दिवसांत शेण पुन्हा तपासायला नेऊ नका. किडे मेले तरी पित्ताशयात साठलेली अंडी दोन-तीन आठवडे बाहेर पडत राहतात, आणि औषध लागू पडलं नाही असा गैरसमज होतो. चार आठवड्यांनी न्या, त्याच जनावरांचं. तेव्हाही अंडी दिसली तर औषध चुकलं की मात्रा कमी पडली, हे डॉक्टर तुम्हालाच विचारतील. कोणत्या तारखेला कोणतं औषध, कोणत्या बिल्ल्याच्या जनावराला, टेपनं काढलेल्या किती वजनावर दिलं, हे तेव्हा वहीत लिहिलेलं असावं.